उल्केचा प्लाझ्मा प्रयोगशाळेत : लेझर प्रयोगांचा आढावा

सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने पृथ्वीच्या वातावरणात शिरणाऱ्या दगडाभोवती तप्त आणि अंशतः आयनीभूत वायूचे आवरण तयार होते. यालाच उल्केचा प्लाझ्मा म्हणतात. आकाशात क्षणभर दिसणारी प्रकाशाची रेघ या प्लाझ्माची असते. मूळ दगड बहुतेक वेळा वाळूच्या कणाएवढा किंवा वाटाण्याएवढा असतो आणि जमिनीवरून तो दिसणे शक्य नसते. प्रकाश साधारणपणे १२० किलोमीटर उंचीवर सुरू होतो आणि ७० किलोमीटरच्या आसपास विझतो. मुंबईत विलेपार्ल्याच्या माथ्यावर उल्का चमकली, तर पार्ल्याहून लोणावळा रस्त्याने जेवढे दूर आहे जवळपास तेवढ्याच अंतरावर ती असते. या उंचीवर विमाने आणि फुगे पोचत नाहीत, कृत्रिम उपग्रह टिकत नाहीत आणि अग्निबाणांना जेमतेम काही मिनिटे मिळतात. त्यातच एखादी उल्का नेमकी कोठे व केव्हा दिसेल हे आधी सांगता येत नाही. त्यामुळे उल्केच्या प्लाझ्माचा अभ्यास दोन बाजूंनी करावा लागतो. आकाशातून येणारा प्रकाश टिपायचा आणि तशाच स्थितीतील प्लाझ्मा प्रयोगशाळेत निर्माण करून दोहोंचा ताळा घ्यायचा. या दुसऱ्या कामात लेझरने गेल्या काही दशकांत महत्त्वाचे स्थान मिळवले आहे.

आकाशातील प्लाझ्मा

उल्का तेजस्वी होते ती तिच्या गतिज ऊर्जेमुळे. डिसेंबरच्या मध्यावर दिसणाऱ्या मिथुन राशीतील उल्कावर्षावाचे, म्हणजे जेमिनिड्सचे कण सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगाने येतात. या वेगाच्या १ ग्रॅम वजनाच्या कणात सुमारे ६ लाख ज्यूल ऊर्जा असते. १ ग्रॅम टीएनटीच्या स्फोटातून मिळणाऱ्या ऊर्जेच्या ही जवळजवळ १४५ पट आहे. तेवढाच दगड वितळवून त्याची वाफ करायला या ऊर्जेचा शंभरावा हिस्सा पुरतो. हवेचे रेणू समोरून आदळत असल्याने दगडाचा पृष्ठभाग तापतो, वितळतो आणि त्याची वाफ होऊ लागते. ही वाफ हवेच्या रेणूंवर आपटते, अणू उत्तेजित होतात, काहींचे इलेक्ट्रॉन सुटतात आणि उत्तेजित अणू मूळ स्थितीला येताना प्रकाश देतात. या क्रमाने होणाऱ्या झिजेला अपक्षरण म्हणतात.

प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश देते. उल्केच्या वर्णपटात मॅग्नेशियमची हिरवी रेषा ५१८ नॅनोमीटरच्या आसपास असते, सोडियमची पिवळी ५८९ नॅनोमीटरला, आयनीभूत कॅल्शियमच्या दोन रेषा ३९३ आणि ३९७ नॅनोमीटरला. लोहाच्या असंख्य रेषा निळ्या-हिरव्या भागात दाटीने असतात, तर हवेतील ऑक्सिजनची ठळक रेषा ७७७ नॅनोमीटरला येते. सोडियमची पिवळी रेषा पार्ल्याच्या साठ्ये किंवा मिठीबाई महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्याही परिचयाची असते, कारण पदवीच्या प्रात्यक्षिकांत सोडियमचा दिवा आणि वर्णपटमापक हाताळावेच लागतात.

उल्केचा वर्णपट डोळ्यांनी पाहण्याचे पद्धतशीर प्रयत्न अलेक्झांडर हर्शेल यांनी १८६०च्या दशकात केले. अशा वर्णपटाचे पहिले छायाचित्र १८९७ मध्ये हार्वर्डच्या पेरूमधील वेधशाळेत टिपले गेले. या रेषांवरून तापमान आणि घटकद्रव्यांचे प्रमाण काढण्याची किल्ली भारतीय शास्त्रज्ञाच्या कामातून मिळाली. मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडलेले आयनीभवनाचे समीकरण तापमान, दाब आणि आयनीभूत अणूंचे प्रमाण यांची सांगड घालते. साहांनी ते सूर्याच्या वर्णावरणाच्या संदर्भात मांडले. आज उल्केचा आणि लेझरच्या प्लाझ्माचा वर्णपट वाचताना तेच समीकरण वापरले जाते.

चेक खगोलशास्त्रज्ञ यीर्झी बोरोविच्का यांनी १९९०च्या दशकात तेजस्वी उल्कांच्या वर्णपटांचे बारकाईने विश्लेषण केले. त्यातून उल्केचा प्रकाश दोन वेगळ्या घटकांचा असल्याचे स्पष्ट झाले. मुख्य घटकाचे तापमान ४,००० ते ५,००० केल्व्हिन असते आणि लोह, मॅग्नेशियम, सोडियम यांच्या उदासीन अणूंच्या रेषा त्यातून येतात. दुसरा घटक १०,००० केल्व्हिनच्या आसपास तापलेला असतो. आयनीभूत कॅल्शियम आणि सिलिकॉन यांच्या रेषा त्याच्या असतात आणि वेगवान उल्कांमध्ये तो अधिक ठळक दिसतो. प्रयोगशाळेतील कोणत्याही प्रतिकृतीची कसोटी याच दोन तापमानांवर लागते.

प्रतिकृतीचे निरनिराळे मार्ग

उल्केची सगळी वैशिष्ट्ये एकाच उपकरणात आणता येत नाहीत. म्हणून प्रत्येक उपकरण त्यातले एखादे अंग उचलते. हलक्या वायूवर चालणाऱ्या तोफांनी छोटे गोळे सेकंदाला ७ किलोमीटरच्या आसपास वेगाने डागता येतात. खरी टक्कर यात घडते, पण उल्केच्या किमान वेगापेक्षाही हा वेग कमी आहे. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठातील धूळ-त्वरकात विद्युतभारित लोहकणांना सेकंदाला कित्येक दशक किलोमीटर वेग देऊन विरळ वायूत सोडतात. तेथे वेग खऱ्या उल्केचा मिळतो, मात्र कण मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान असतात. किती अणूंमागे किती इलेक्ट्रॉन सुटतात, ही रडारने उल्का मोजताना लागणारी संख्या या प्रयोगांतून मिळते.

जर्मनीत श्टुटगार्ट येथे प्लाझ्मा-वातविवरात खऱ्या अशनींचे, म्हणजे जमिनीवर पोचलेल्या दगडांचे, तुकडे तप्त वायुझोतात ठेवून त्यांचे वितळणे व चमकणे नोंदले गेले. हे काम २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. अवकाशयानांच्या उष्णतारोधक कवचांची चाचणी घेण्यासाठी हे वातविवर उभारलेले आहे. त्यात दगडाला काही सेकंद सतत उष्णता मिळते, ही त्याची जमेची बाजू. इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात अशनीचे सूक्ष्म कण तारेवर ठेवून उल्केच्या गतीने तापवतात आणि बाहेर पडणारे सोडियम, लोह, कॅल्शियम यांचे अणू लेझरच्या साहाय्याने मोजतात. सोडियम सर्वांत आधी निसटते, मग लोह आणि मॅग्नेशियम, आणि कॅल्शियम सर्वांत शेवटी, हा क्रम तेथील मापनांतून थेट दिसला.

लेझरचा मार्ग

१९६० मध्ये पहिला लेझर तयार झाला आणि दोनच वर्षांत त्याच्या स्पंदाने घन पदार्थाची वाफ करून तिचा वर्णपट घेण्याचे प्रयोग सुरू झाले. त्यातून लेझर-प्रेरित भंजन वर्णपटमिती हे तंत्र विकसित झाले. ‘लिब्स’ या लघुरूपाने ते ओळखले जाते. यासाठी बहुधा निओडिमियम-याग लेझर वापरतात. त्याचे स्पंद ५ ते १० नॅनोसेकंदांचे असतात आणि एका स्पंदातील ऊर्जा १०० मिलिज्यूलच्या आसपास असते. भिंगाने हा प्रकाश अर्ध्या मिलिमीटर व्यासाच्या ठिपक्यावर एकवटला की तेथे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १० अब्ज वॅट एवढी तीव्रता निर्माण होते. पृष्ठभागाचा पातळ थर क्षणात वाफेत बदलतो, वाफ आयनीभूत होते आणि आघात तरंग उठवत बाहेर फेकली जाते.

सुरुवातीला या प्लाझ्माचे तापमान १५,००० केल्व्हिनच्याही वर जाऊ शकते आणि त्याचा प्रकाश सलग असतो. सुमारे एका मायक्रोसेकंदात तो प्रसरण पावून थंड होऊ लागतो आणि सलग प्रकाशातून मूलद्रव्यांच्या रेषा वर येतात. आणखी काही मायक्रोसेकंदांनी तापमान ५,००० केल्व्हिनच्या जवळ उतरते. वर्णपट टिपण्याची वेळ नेमकी निवडली, की उष्ण आणि मुख्य अशा उल्केच्या दोन्ही घटकांशी जुळणारी तापमाने एकाच स्पंदातून मिळतात. लेझरच्या प्लाझ्माची उल्केशी तुलना करण्याचा पाया हाच आहे.

कॅनडातील संशोधकांनी लेझरने अशनींचे नमुने बाष्पीभूत करून त्यांच्या प्रकाशाचे मापन केले आणि २००७ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. उल्केच्या तेजावरून तिचे वस्तुमान काढण्यासाठी गतिज ऊर्जेचा किती भाग प्रकाशात बदलतो हे ठाऊक असावे लागते. ती संख्या अधिक भरवशाची करणे हा या कामामागचा उद्देश होता.

पुढचे मोठे पाऊल प्राग येथील हेरॉव्हस्की संस्थेत मार्टिन फेरुस आणि सहकाऱ्यांनी टाकले. चेक प्रजासत्ताकातील निरीक्षक वर्णपट देणाऱ्या कॅमेऱ्यांनी उल्कांचे चित्रण करत होते. फेरुस यांच्या गटाने प्रयोगशाळेत अशनींच्या तुकड्यांवर लेझरचे स्पंद सोडून संदर्भ-वर्णपट तयार केले आणि ते उल्कांच्या वर्णपटांशी ताडून पाहिले. इटलीत पिसा येथे १९९९ मध्ये मांडल्या गेलेल्या पद्धतीचा त्यांनी उपयोग केला. तिच्यात ज्ञात प्रमाणाचे नमुने तयार ठेवावे लागत नाहीत. रेषांच्या तीव्रतेवरून तापमान आणि रेषांच्या रुंदीवरून इलेक्ट्रॉनांची घनता काढतात. त्या दोन संख्या साहांच्या समीकरणात घातल्या की घटकद्रव्यांचे प्रमाण हाती येते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामामुळे, जमिनीवर ज्यांचा एकही तुकडा पडला नाही अशा उल्कांची रासायनिक घडण अंदाजण्याचा एक व्यवहार्य मार्ग मिळाला.

लेझरचा प्लाझ्मा आणि उल्केचा प्लाझ्मा

दोन्ही प्लाझ्मा रेषांच्या पातळीवर सारखे दिसतात, पण त्यांच्या घडणीत मोठे फरक आहेत. लेझरने मिळालेले आकडे वापरताना ते ध्यानात ठेवावेच लागतात.

पहिला फरक ऊर्जेच्या ओघाचा. ९० किलोमीटर उंचीवर हवा समुद्रसपाटीच्या तुलनेत तीन लाखांहून अधिक पट विरळ असते. तेथे सेकंदाला ३५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या कणावर दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ७ किलोवॅट ऊर्जा आदळते. लेझरची तीव्रता याच्या दहा लाख पटींहून जास्त असते, पण ती काही नॅनोसेकंदच टिकते. उल्केला मात्र सेकंदाचा काही भाग किंवा त्याहून जास्त वेळ मिळतो.

दुसरा फरक घनतेचा. लेझरच्या प्लाझ्मात दर घन सेंटीमीटरला १०चा १६वा घात ते १०चा १८वा घात या पल्ल्यात, म्हणजे दहा हजार लाख कोटींच्या पटीत, इलेक्ट्रॉन असतात. त्यांच्या टकरी इतक्या दाट होतात की सर्व कण थोड्याच वेळात एका तापमानाला येतात. उल्केचा प्लाझ्मा कितीतरी विरळ असल्याने तेथे असा समतोल प्रत्येक ठिकाणी धरून चालता येत नाही. नमुना कमी दाबाच्या कक्षात ठेवला तर प्लाझ्मा लवकर पसरतो आणि हा फरक कमी होतो. म्हणून अनेक प्रयोग निर्वात पंप लावलेल्या कक्षात केले जातात.

तिसरा फरक सर्वांत महत्त्वाचा आहे. लेझरचा स्पंद एवढा झटपट असतो की ठिपक्यातील सगळी मूलद्रव्ये जवळपास मूळ प्रमाणातच बाष्पीभूत होतात. उल्केत तसे होत नाही. सोडियम लवकर सुटते, तर कॅल्शियम, ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम यांची संयुगे उच्च तापमानालाही टिकून राहतात आणि पूर्ण बाष्पीभूत होण्यापूर्वीच उल्का विझू शकते. त्यामुळे उल्केच्या वर्णपटात कॅल्शियम कमी दिसले, तर ते मूळ दगडातच कमी होते की वाफेत उतरले नाही, हे केवळ लेझरच्या प्रयोगातून ठरत नाही. त्यासाठी लीड्स किंवा श्टुटगार्टसारखे सावकाश तापवण्याचे प्रयोग जोडीला घ्यावे लागतात.

जेमिनिड्सच्या सोडियमचे कोडे या दृष्टीने बोलके आहे. या वर्षावातील पुष्कळ उल्कांमध्ये सोडियमची रेषा क्षीण असते. त्यांचा जनक फेथन हा लघुग्रह सूर्याच्या अगदी जवळ, पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे सातव्या भागापर्यंत जातो. तेथील उष्णतेने सोडियम वातावरणात येण्यापूर्वीच उडून जात असावे, असा तर्क होता. जोसेफ मासिएरो आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात कार्बनयुक्त अशनीचे तुकडे तेवढ्या तापमानाला तापवून पाहिले. त्यांतून सोडियम निघून जाते, असे आढळले. लेझरने मिळालेला संदर्भ-वर्णपट सोडियमची रेषा किती तीव्र अपेक्षित आहे ते सांगतो आणि भट्टीतील प्रयोग ती का घटली ते सांगतो. दोन्ही मिळून उत्तर पुरे होते.

मोठे आघात : काटोल, लोणार आणि प्राग

छोट्या उल्का वरच्या वातावरणातच संपतात. मोठे दगड खाली पोचतात आणि तेथे आघाताचे भौतिकशास्त्र महत्त्वाचे ठरते. महाराष्ट्रात याचे दोन ठळक पुरावे आहेत.

२२ मे २०१२ रोजी भर दुपारी नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात अशनींचा वर्षाव झाला. गोळा केलेले तुकडे एल६ प्रकारच्या साध्या कॉन्ड्राइट या दगडी अशनीचे निघाले. वातावरणातील प्रवासात त्यांच्यावर चढलेला काळपट वितळलेला थर हा अपक्षरणाचाच अवशेष आहे. आतल्या शिरांमध्ये मात्र त्याहून जुना इतिहास दडलेला होता. काटोलच्या अशनीत ब्रिजमनाइट हे खनिज सापडल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. हे खनिज पृथ्वीच्या खालच्या प्रावरणात विपुल असले, तरी एवढ्या खोलीवरून ते जसेच्या तसे हाती येत नाही. अवकाशात मूळ लघुग्रहावर झालेल्या टकरीच्या प्रचंड दाबाने ते या दगडात तयार झाले. असा क्षणिक दाब प्रयोगशाळेत निर्माण करण्याचे लेझर हे एक साधन आहे. तीव्र स्पंदाने पृष्ठभागाची वाफ उडते आणि तिच्या उलट धक्क्याने आघात तरंग घन पदार्थात शिरतो. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात लेझरने उठवलेल्या आघात तरंगांचा पदार्थांवर होणारा परिणाम अभ्यासला जातो.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर बसाल्ट खडकात आघाताने झालेले आहे. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन कालमापनानुसार त्याचे वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे येते. हा आघाताचाच परिणाम असल्याचे १९७३ मध्ये कर्ट फ्रेडरिकसन आणि सहकाऱ्यांनी तेथील काचेच्या व धक्का बसलेल्या खनिजांच्या आधारे दाखवले. मंगळाचा पृष्ठभागही बव्हंशी बसाल्टचा असल्याने लोणारचा खडक ग्रहविज्ञानात तुलनेसाठी उपयोगी पडतो. आघाताच्या वेळी खडक आणि अशनी यांचे वितळलेले द्रव्य कसे मिसळते, हे जर्मनीत लेझरने खडक व लोह वितळवून तपासले गेले आहे. जपानमध्ये सासाकी आणि सहकाऱ्यांनी नॅनोसेकंद लेझरने ऑलिव्हिन या खनिजावर सूक्ष्म धूलिकणांच्या माऱ्याची प्रतिकृती केली. त्यात लोहाचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि लघुग्रहांचा रंग का काळवंडतो याचा उलगडा होतो, असे त्यांनी २००१ मध्ये दाखवले.

आघाताच्या प्लाझ्मातून जीवसृष्टीची कच्ची सामग्री निर्माण होऊ शकते का, हाही आघातांच्या अभ्यासाचा एक पदर आहे. ख्रिस्तोफर मॅके आणि विल्यम बोरुकी यांनी १९९७ मध्ये मिथेनयुक्त वायूत लेझरने आघातासारखा प्लाझ्मा पेटवून कार्बनी संयुगे तयार होत असल्याचे दाखवले. प्रागमधील ‘ॲस्टेरिक्स’ या आयोडीन लेझरचा एक स्पंद नॅनोसेकंदाच्या अंशाएवढा असतो आणि त्यात शेकडो ज्यूल ऊर्जा मावते. फेरुस यांच्या गटाने त्याचे स्पंद फॉर्मामाइड या साध्या संयुगावर सोडले. आरएनएमधील चारही नत्रयुक्त आम्लारी त्यातून मिळाले. २०१७ मध्ये त्यांनी अमोनिया, कार्बन मोनॉक्साइड आणि पाण्याच्या वाफेपासूनही असे आम्लारी मिळवल्याचे प्रसिद्ध केले. पृथ्वीच्या बाल्यावस्थेत तिच्यावर दगडांचा मारा होत होता. तो विध्वंसाबरोबर रसायनेही घडवत असावा, या मताला या प्रयोगांनी बळ दिले.

मुंबईतील लेझर आणि भारतीय उपकरणे

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जी. रवींद्र कुमार यांच्या गटाने अतिसूक्ष्म काळाच्या, अतितीव्र लेझर स्पंदांची प्रयोगशाळा उभी केली आहे. तेथील लेझरची शिखरशक्ती शंभर टेरावॅटच्या घरात असून त्याचे स्पंद काही दशक फेम्टोसेकंदांचे, म्हणजे नॅनोसेकंद लेझरच्या तुलनेत लाखो पटींनी छोटे असतात. इतक्या तीव्रतेला घन पदार्थाचा प्लाझ्मा उल्केच्या कितीतरी पुढे जातो. त्याचे स्वरूप ताऱ्यांच्या अंतर्भागाशी आणि विस्फोटक खगोलीय घटनांशी जवळीक दाखवते. या गटाने २०१२ मध्ये लेझरच्या प्लाझ्मातील प्रक्षुब्ध चुंबकीय क्षेत्रांची प्रत्यक्ष नोंद प्रसिद्ध केली. २०१७ मध्ये गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतील प्रेधिमन कॉ आणि अमिता दास यांच्यासह केलेल्या कामात या प्रक्षुब्धतेचा खगोलीय प्लाझ्माशी असलेला संबंध मांडला.

टेबलावर मावणारा प्रयोग आकाशातील अवाढव्य घटनेचे प्रतिनिधित्व कसे करू शकतो, याचे उत्तर साम्याच्या नियमांत आहे. दिमित्री र्युतोव आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये अशा नियमांची नेमकी मांडणी केली. लांबी, काळ, घनता आणि वेग यांची विशिष्ट गुणोत्तरे सारखी राहिली, तर दोन प्रणाली आकाराने कितीही वेगळ्या असल्या तरी त्यांची गती एकाच समीकरणाने चालते. ही गुणोत्तरे जुळतात की नाही हे तपासल्याशिवाय लेझरचा कोणताही प्रयोग आकाशावर लागू करता येत नाही.

लेझरने दगडाची वाफ करून वर्णपट वाचण्याचे तंत्र भारताने चंद्रावरही नेले. चंद्रयान-३ च्या ‘प्रज्ञान’ बग्गीवरील लिब्स उपकरणाने ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात गंधकाचे अस्तित्व नोंदवले. ॲल्युमिनियम, कॅल्शियम, लोह, क्रोमियम, टायटॅनियम, मँगेनीज, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्याही रेषा मिळाल्या. चंद्रावर हवा नसल्याने तेथे प्लाझ्मा क्षणात पसरतो आणि प्रकाश क्षीण होतो. कमी दाबातील लेझर प्लाझ्माचा अनुभव त्यामुळे उल्केच्या अभ्यासाइतकाच चंद्रावरील आणि मंगळावरील मोजमापांनाही लागतो.

या ज्ञानाचा उपयोग

अवकाशातून पृथ्वीवर रोज किती धूळ येते, याचे अंदाज ५ टनांपासून ३०० टनांपर्यंत पसरलेले आहेत. एवढी तफावत कमी करायची तर उल्केच्या प्रकाशाचे आणि आयनीभवनाचे वस्तुमानात रूपांतर अचूक व्हावे लागते आणि त्यासाठीच प्रयोगशाळेतील आकडे हवे असतात. याच धुळीतून सुटलेल्या सोडियम अणूंचा थर ८० ते १०५ किलोमीटर उंचीवर कायम असतो. ५८९ नॅनोमीटरचा लेझर आकाशाकडे रोखून हा थर मोजता येतो. आंध्र प्रदेशातील गादंकी येथे भारतात अशी मापने झाली आहेत.

नव्या काळात मानवनिर्मित उल्कांचा प्रश्न पुढे आला आहे. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भासह महाराष्ट्राच्या मोठ्या भागात आकाशात तेजस्वी रांग सरकताना दिसली. अनेकांना तो उल्कापात वाटला. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी धातूचे मोठे कडे पडले आणि ते चिनी ‘लाँग मार्च ३बी’ अग्निबाणाच्या टप्प्याचे अवशेष असल्याचे मानले गेले. कक्षेतून परतणाऱ्या वस्तूचा वेग सेकंदाला ८ किलोमीटरपेक्षा कमी असतो. खरी उल्का सेकंदाला ११ किलोमीटरपेक्षा कमी वेगाने येत नाही. त्यामुळे सावकाश, लांबवर आणि समांतर जाणारे तुकडे हे अवकाश-कचऱ्याचे लक्षण ठरते. वर्णपट मिळाला तर खात्री आणखी वाढते, कारण दगडाच्या वाफेत मॅग्नेशियम आणि लोह ठळक असतात, तर अग्निबाणाच्या सांगाड्यात ॲल्युमिनियमचे मिश्रधातू. समतापावरणातील सुमारे १० टक्के गंधकाम्लयुक्त मोठ्या कणांत अवकाशयानांपासून आलेले ॲल्युमिनियम व इतर धातू सापडल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. या धातूंची वाफ कशी होते आणि ती कोणत्या संयुगांत बदलते, हे लेझरखाली तपासता येते.

या कामात हौशी निरीक्षकांचा वाटा मोलाचा असतो, हे वर सांगितलेल्या चेक निरीक्षकांच्या कामातून दिसते. विमानतळाला लागून असलेल्या पार्ल्याच्या उजळ आकाशात मोजक्याच उल्का दिसतात. मुंबईकर आकाशनिरीक्षक त्यासाठी कर्जत मार्गावरील वांगणीसारख्या ठिकाणी जातात आणि खगोल मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम तेथेच होत आले आहेत. साध्या डिजिटल कॅमेऱ्याच्या भिंगापुढे विवर्तन जाळी बसवली की तेजस्वी उल्केचा वर्णपट टिपता येतो. उल्केची रेघ स्वतःच अरुंद असल्याने वर्णपटमापकातील फटीची गरज राहत नाही. अशा नोंदींना तारीख, वेळ आणि दिशा यांची जोड मिळाली आणि दोन दूरच्या ठिकाणांहून एकच उल्का टिपली गेली, तर वेग आणि कक्षाही काढता येते. मग काटोलसारख्या ज्ञात अशनीच्या लेझर-वर्णपटाशी तिची तुलना करता येते.

लेझरने उल्का संपूर्ण घडवता येत नाही, पण तिच्या प्रकाशातील रेषा वाचण्यासाठी लागणारा संदर्भ त्यातून मिळतो. सावकाश तापवण्याचे प्रयोग बाष्पीभवनाचा क्रम देतात, धूळ-त्वरक आयनीभवनाचे प्रमाण देतो, वातविवर वितळण्याची गती देते आणि लेझर तापमान व घटकद्रव्ये यांचा ताळा देतो. पुढील काम प्रामुख्याने यांची सांगड घालण्याचे आहे. कमी दाबाच्या कक्षांत मोजलेले लेझर वर्णपट, समतोल गृहीत न धरणारी गणिती प्रारूपे आणि आकाशात टिपलेल्या जास्तीत जास्त उल्का एकत्र आल्या, की जमिनीवर कधीच न पोचणाऱ्या दगडांचीही रासायनिक नोंद ठेवता येईल.